भाडें, वर्गणी आणि जाहिरात

मनुष्य एखाद्या वस्तूचे पैसे मोजतो तेव्हां त्याच्या पदरांत नेमकें काय पडतें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. वाण्याकडून साखर आणली तर ती आपली होते. कार्यासाठीं मोठीं पातेलीं भाड्यानें आणलीं तर कार्य आटोपतांच तीं घासून परत करावीं लागतात. वाचनालयाची वर्गणी भरली तर पुस्तकें आपलीं होत नाहींत. तीं एकामागून एक घरीं आणण्याचा अधिकार मात्र वर्गणी चालू असेतों आपणांस मिळतो. हे तीन व्यवहार आपल्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत व त्यांतील भेद शाळेंतल्या पोरासही कळतो. परंतु हेच व्यवहार मोबाईलच्या किंवा टीव्हीच्या कांचेवर येऊन बसले कीं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांची तारांबळ उडते, असें आम्ही अलीकडे वरचेवर पाहतों. म्हणून इंटरनेटवरून घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या ज्या सेवा आज घरोघर शिरल्या आहेत, त्यांच्या दरांविषयीं व अटींविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

चित्रपट आणि पैसा यांचा संबंध आपल्याकडे चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेविला, तेव्हांपासून कित्येक वर्षें व्यवहार एकच होता : तिकीट काढावें, एका खुर्चीवर बसून एक खेळ पाहावा आणि घरीं जावें. खेड्यापाड्यांतून यात्रेच्या दिवसांत तंबू पडत, तेथें खुर्चीऐवजीं जमीन असे, एवढाच भेद. तिकिटाचा मोठा गुण हा कीं, देणेंघेणें त्याच रात्रीं पुरें होई. दुसऱ्या दिवशीं तंबूवाला आपल्या दारीं येऊन 'कालच्याप्रमाणें आजचेही पैसे द्या' असें म्हणत नसे. आतांच्या व्यवहारांत नेमका हा गुण नाहींसा झाला आहे, आणि आमच्या मतें बहुतेक घोटाळ्यांचें मूळ तेथेंच आहे.

प्रथम भाड्याचा विचार करूं. ही पद्धति जुन्या तिकिटास सर्वांत जवळची. अमेझॉन कंपनीच्या 'प्राइम व्हिडिओ'नें एप्रिल २०२२ मध्यें भारतांत भाड्याच्या चित्रपटांचें दुकान उघडलें. त्याचा नियम असा ठेविला कीं, भाडें भरल्यापासून ३० दिवसांच्या आंत चित्रपट सुरू करावा आणि एकदां सुरू केल्यावर ४८ तासांत तो संपवावा. त्या अवधींत तो कितीही वेळां पाहिला तरी हरकत नाहीं. हें भाडें भरण्यासाठीं त्या सेवेचें वर्गणीदार असावें लागत नाहीं. उलटपक्षीं, वर्गणीदार असलें तरी भाड्याच्या चित्रपटाचे पैसे निराळेच द्यावे लागतात. 'आम्हीं वर्षाची वर्गणी भरली असतां हा चित्रपट पुन्हां पैसे कां मागतो ?' अशी तक्रार आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकिली आहे. तिचें उत्तर हें कीं, वाचनालय आणि पुस्तकांचें दुकान एकाच इमारतींत असलें तरी त्यांचे गल्ले वेगळे असतात.

भाड्याची रक्कम चित्रपटागणिक बदलते. सलमान खान यांचा 'राधे' हा चित्रपट मे २०२१ मध्यें घरबसल्या पाहण्यास २४९ रुपये पडत होते. आमिर खान यांनीं आपला 'सितारे जमीन पर' जून २०२५ मध्यें चित्रपटगृहांत आणल्यावर तो आधीं कोणत्याही वर्गणीच्या सेवेस न देतां १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर १०० रुपये भाड्यानें ठेविला. त्या वेळीं एक चमत्कारिक प्रकार घडला. ॲपल कंपनीच्या उपकरणांवर आरंभीं त्याच चित्रपटाचें भाडें १७९ रुपये दिसूं लागलें, व निर्मात्यांस त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. तात्पर्य, चित्रपट तोच, घर तेंच, परंतु कोणत्या उपकरणावरून पैसे भरले यावरून दर पालटूं शकतो. बटण दाबण्यापूर्वीं रकमेचा आंकडा वाचून घ्यावा, हें यावरून शिकावयाचें. तरीही शंभर रुपयांत घरांतील सहा माणसांनीं एकत्र बसून चित्रपट पाहिला तर माणशीं सतरा रुपयेही पडत नाहींत, आणि देणें तेथेंच संपतें.

आमच्या पुणतांब्यासारख्या गांवीं भाड्याच्या चित्रपटास आणखी एक अट आपण होऊन जोडावी लागते, ती विजेची. चित्रपट अर्ध्यावर आला आणि वीज गेली तरी ४८ तासांचें घड्याळ थांबत नाहीं. म्हणून मंडळी जमलीं आहेत, वीज स्थिर आहे, आणि दुसरा दिवसही मोकळा आहे, असें पाहूनच आरंभ करावा. मोबाईलच्या इंटरनेटवर चित्रपट पाहणाऱ्यांनीं आणखी एक आंकडा ध्यानांत ठेवावा : स्वच्छ, उंची प्रतीचें चित्र तासाला सुमारें तीन जीबी खातें. रोजच्या दीड-दोन जीबींच्या शिध्यांत अडीच तासांचा असा चित्रपट बसत नाहीं. चित्राची प्रत कमी केली कीं खर्च बराच उतरतो.

आतां वर्गणी. नेटफ्लिक्स ही कंपनी जानेवारी २०१६ मध्यें भारतांत आली. डिसेंबर २०२१ मध्यें तिनें आपले दर उतरविले, तेव्हां केवळ मोबाईलवर पाहण्याची मासिक वर्गणी १४९ रुपये व टीव्हीवरही पाहतां येईल अशी सर्वांत लहान वर्गणी १९९ रुपये ठेविली. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा अभिजात संगीताच्या साधकावरील मराठी चित्रपट एप्रिल २०२१ मध्यें येथेंच प्रदर्शित झाला. गाण्याची आवड असलेल्या घरास तो पाहावासा वाटणें साहजिक आहे. परंतु ही सेवा एकएकटा चित्रपट भाड्यानें देत नाहीं. मग काय करावें ? एका महिन्याची वर्गणी भरावी आणि भरल्या दिवशींच पुढील नूतनीकरण रद्द करून टाकावें. भरलेला महिना त्यामुळें बुडत नाहीं. तो संपेपर्यंत सर्व कांहीं पाहतां येतें. म्हणजे रद्द केलेली एक महिन्याची वर्गणी हेंच तीस दिवसांचें भाडें होय. ही युक्ति नव्हे. कंपनीच्या नियमांत बसणारा सरळ व्यवहार आहे. परंतु तो करणारीं माणसें थोडीं, आणि न करणाऱ्यांच्या विस्मरणावर या धंद्याचा बराच भार आहे.

वर्षाची वर्गणी महिन्यामागें स्वस्त दिसते, परंतु स्वस्ताई ही वापरावर अवलंबून असते. १०० रुपये एका चित्रपटाचें भाडें धरलें तर १,४९९ रुपयांच्या वार्षिक वर्गणींत पंधरा चित्रपट भाड्यानें येतील. ज्या घरांत आठवड्यास एक चित्रपट पाहिला जातो त्यास वर्गणी परवडते. जेथें सणासुदीलाच पडदा उजळतो तेथें ती चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ठरते. शिवाय वर्गणींतील चित्रपट कायमचे तेथें राहतील अशी हमी नसते. सेवेचा व निर्मात्याचा करार संपला कीं काल यादींत असलेला चित्रपट आज दिसेनासा होतो.

येथें कुटुंब या शब्दाच्या अर्थाचाही प्रश्न येतो. नेटफ्लिक्सनें जुलै २०२३ पासून भारतांत असा नियम केला कीं, एक खातें एका घरांतील माणसांनींच वापरावें. मुलगा पुण्यास, आईवडील पुणतांब्यास, म्हणजे त्या हिशेबानें हीं दोन घरें झालीं. हिंदु अविभक्त कुटुंब आयकर खात्यास मान्य आहे. या कंपनीस नाहीं. मुलाच्या खात्यावर विसंबून राहिलेल्या वृद्ध मंडळींनीं हें जाणून असावें.

या वर्गणीच्या प्रकरणांत आम्हांस लिहावयास प्रवृत्त करणारी एक गोष्ट आमच्याच आळींत घडली. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नी, ज्यांस आम्ही वहिनी म्हणतों, एकट्याच राहतात. कुटुंबनिवृत्तिवेतनावर त्यांचें नीटनेटकें चालतें. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा मुलगा पुण्याहून आला, भिंतीवर मोठा टीव्ही लावून गेला आणि आईची करमणूक व्हावी म्हणून तिच्याच मोबाईलवरून एका सेवेची वर्षाची वर्गणी जोडून गेला. पहिल्या वर्षाचे पैसे त्यानें आईच्या हातीं ठेविले होते. पुढें एके दिवशीं पासबुक भरून आणल्यावर वहिनी तें घेऊन आमच्याकडे आल्या. दीड हजारांच्या आसपासची एक रक्कम कापली गेली होती व तिच्यापुढील इंग्रजी अक्षरें त्यांस लागत नव्हतीं. ती त्याच सेवेची दुसऱ्या वर्षाची वर्गणी होती. मधल्या वर्षभरांत वहिनींनीं तेथें दोनच चित्रपट पाहिले होते.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पैसे गेले त्याचें एवढें नाहीं. पण मीं 'हो' कधीं म्हटलें, तेंच मला आठवत नाहीं."

त्यांनीं 'हो' म्हटलें होतें, तें पहिल्याच दिवशीं. मुलानें पुढें केलेल्या मोबाईलवर चार आंकड्यांचा गुप्त क्रमांक दाबला तेव्हां. आजच्या व्यवस्थेंत ती एक संमति पुढच्या वर्षांसही पुरते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे कीं, अशा आवर्ती रकमा कापण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं खातेदारास सूचना गेली पाहिजे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून बँकांनीं तो पाळूं लागावें असें ठरलें. परंतु जून २०२२ मध्यें अशा वर्गण्यांची मर्यादा ५,००० वरून १५,००० रुपये करण्यांत आली. तेवढ्यापर्यंतच्या रकमेस दरवेळीं नव्यानें संमति लागत नाहीं. वहिनींच्या मोबाईलवर सूचना आली होती. ती इंग्रजींत होती, आणि कर्जाच्या व लॉटरीच्या शेंकडों निरोपांच्या गर्दींत होती. कायद्याप्रमाणें सर्व यथास्थित झालें होतें. फक्त ज्यांचे पैसे त्यांस कांहीं कळलें नव्हतें.

आम्हीं विचारलें, "मग वहिनी, हें बंद करूं या ना ?" तेव्हां त्या घुटमळल्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, "त्यानें हौसेनें लावून दिलें आहे. बंद केलें तर त्यास वाटेल, आईला नको झालें." वर्षभर मुलगा दूरध्वनीवरून विचारी, 'आई, पाहतेस ना ?' आणि त्या 'पाहतें हो' म्हणत. मुलाचें मन राखण्यासाठीं आई न पाहिलेल्या चित्रपटांचे पैसे भरीत होती, आणि आईस सोबत व्हावी म्हणून मुलानें जें केलें त्याचा भार आईच्याच खात्यावर पडत होता. दोघांच्या मनांत माया होती. हिशेब मात्र कोणीच केला नव्हता. आमच्या आग्रहावरून त्यांनीं त्याच संध्याकाळीं मुलास दूरध्वनि केला. तो ओशाळून म्हणाला, "आई, तें आपोआप पुढें चालूं राहतें हें माझ्याही ध्यानांतून गेलें." नंतर बराच वेळ मायलेकरें बोलत होतीं, आणि तें बोलणें चित्रपटांविषयीं नव्हतें.

आमचें पुणतांबें योगी चांगदेवांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस कोरें पत्र पाठविलें व तें पाहून मुक्ताबाई, हा चौदाशें वर्षें जगून कोराच राहिला, असें म्हणाल्या, ही आख्यायिका लहानपणीं कोणीं ऐकिली नाहीं ? त्या कोऱ्या पत्रास ज्ञानेश्वरांनीं पासष्ट ओव्यांचें उत्तर धाडलें. आजच्या या कंपन्या आम्हांस भरगच्च अक्षरांचें पत्र पाठवितात, आणि आम्ही तें न वाचतां खालीं 'मान्य' म्हणून कोरेच राहतों. पत्र कोरें नसतें. वाचणारा कोरा असतो. सरकारासही हा प्रकार जाणवला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२३ मध्यें ग्राहकास भुलविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी देऊन त्यांवर बंदी घातली. तींत 'वर्गणीचा सांपळा' ही एक आहे. वर्गणी सुरू करणें सोपें आणि बंद करणें मात्र मुद्दाम अवघड ठेवणें, हें त्याचें लक्षण. असा अनुभव आल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठीं १९१५ हा क्रमांक आहे. आणखी एक गोष्ट : मोबाईलवरून ॲप काढून टाकल्यानें वर्गणी थांबत नाहीं. ती त्या सेवेच्या खात्यांत जाऊन रद्द करावी लागते, किंवा यूपीआयवरून जोडली असल्यास 'ऑटोपे' या सदरांत जाऊन संमति मागें घ्यावी लागते.

भाडें व वर्गणी यांच्या जोडीस आतां जाहिरात आली आहे. पूर्वीं लोकांची समजूत अशी होती कीं, पैसे भरले म्हणजे जाहिरातींपासून सुटका झाली. प्राइम व्हिडिओनें १७ जून २०२५ पासून भारतांत आपल्या वर्गणीदारांसही जाहिराती दाखविण्यास आरंभ केला आणि त्या नको असल्यास वर्षास ६९९ किंवा महिन्यास १२९ रुपये अधिक द्यावे असें ठरविलें. तेव्हां १,४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी जाहिरातमुक्त करावयाची तर २,१९८ रुपये झाली. जिओहॉटस्टार ही सेवा फेब्रुवारी २०२५ मध्यें दोन सेवा एकत्र होऊन निघाली, तेव्हां तिची टीव्हीवर चालणारी जाहिरातींसह वार्षिक वर्गणी ८९९ रुपये व जाहिरातमुक्त वर्गणी १,४९९ रुपये होती. आणि त्या जाहिरातमुक्त वर्गणींतही क्रिकेटच्या चालू सामन्यांत जाहिराती येतच. 'जाहिरातमुक्त' हा समास येथें सापेक्ष समजावा. हे दर वारंवार पालटतात, म्हणून आम्हीं प्रत्येक आंकड्यास साल जोडलें आहे; वाचकांनीं पैसे भरतांना त्या दिवशींचा दर पाहावा.

जाहिरात टाळण्यास पैसे द्यावे कीं नाहीं, हें काय पाहावयाचें त्यावर ठरवावें. आठवड्यास एक चित्रपट पाहणाऱ्या घरास ते ६९९ रुपये चित्रपटामागें साडेतेरा रुपये पडतात. तें जड नाहीं. महिन्याच्या हिशेबानें वर्षभर भरीत गेल्यास मात्र तेच १,५४८ होतात. बातम्या किंवा विनोदी मालिका पाहतांना मध्यें तेलाची वा साबणाची जाहिरात आली तर आपण उठून पाणी पिऊन येतों. परंतु प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहत असतां, विष्णुपंत पागनीस वैकुंठास निघाले आहेत, डोळे भरून आले आहेत, आणि तेवढ्यांत कोणी कर्ज घ्या म्हणून ओरडूं लागला तर काय होतें, तें ज्यानें सोसलें त्यासच ठाऊक. अभिनवगुप्ताचार्यांनीं रसास्वादाचीं सात विघ्नें गणिलीं आहेत. ते आज असते तर आठव्यासाठीं त्यांस दूर जावें लागलें नसतें.

येथें कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील, कीं ज्या मासिकांत हा लेख छापला जात आहे तें वर्गणीही घेतें आणि जाहिरातीही छापतें; मग या कंपन्यांनींच काय अपराध केला ? शंका रास्त आहे. जाहिरातीवांचून मासिकाची वर्गणी दुप्पट करावी लागेल, हें आम्ही जाणतों. परंतु मासिकांतील जाहिरात आपल्या पानावर मुकाट्यानें बसते. वाचणाऱ्याचा हात धरून ती त्यास थांबवीत नाहीं. आणि वर्गणी बंद केली तरी मागचे अंक आपल्या फडताळांत राहतात. चित्रपटांच्या वर्गणींत फडताळच नाहीं. पैसे थांबले कीं सर्व कांहीं थांबतें. इतकेंच नव्हे, कांहीं ठिकाणीं 'विकत घ्या' म्हणून जें बटण असतें त्यानेंही पुष्कळदां पाहण्याचा परवानाच मिळतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला कीं, केवळ परवाना देत असाल तर ग्राहकास तसें स्पष्ट सांगितल्याखेरीज 'विकत' हा शब्द वापरूं नये. शब्दाचा अर्थ राखण्यासाठीं कायदा करावा लागला, याचें जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्या माणसास कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

यावरून सर्वच करमणूक पैशानें बांधली गेली असें समजूं नये. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील स्वामित्वहक्क तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें चालतो. म्हणजे प्रभातचे जुने बोलपट किंवा आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा, राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळविणारा 'श्यामची आई' यांवरील तो हक्क केव्हांच संपला आहे. यूट्यूबवर असे जुने बोलपट पूर्ण लांबीचे पाहावयास मिळतात. मोल द्यावें लागतें तें जाहिरातींच्या रूपानें. प्रसार भारतीनेंही नोव्हेंबर २०२४ मध्यें 'वेव्हज्' नांवाची सेवा काढली, तींत दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचा संग्रह आहे. ज्या घरांत वडीलधाऱ्यांस जुनेंच आवडतें, तेथें आधीं हें पाहावें व मग वर्गणीचा विचार करावा.

शेवटीं वहिनींनीं काय केलें तें सांगतों, कारण तें अनुकरणीय आहे. त्यांनीं वार्षिक वर्गणीचें पुढील नूतनीकरण रद्द केलें. उरलेले महिने मात्र आनंदानें वापरले. एका साध्या वहींत पांच रकाने आंखले : सेवेचें नांव, दर, पैसे कोणाच्या खात्यांतून जातात, पुढील कापणीची तारीख, आणि मागील महिन्यांत पाहिलेले चित्रपट. शेवटचा रकाना दोन महिने रिकामा राहिला कीं ती सेवा बंद. कापणीच्या तारखेस त्यांनीं 'कालनिर्णया'वर एकादशीसारखी खूण केली. गेल्या दिवाळींत मुलगा, सून व नातवंडें आलीं तेव्हां एका महिन्याची जाहिरातमुक्त वर्गणी घेतली. ती कशी बंद करावयाची, हें त्यांनीं नातीस समोर बसवून स्वतः करून दाखविलें.

पुण्यामुंबईस व परदेशीं राहणाऱ्या मुलामुलींस आमचें एवढेंच सांगणें आहे. आईवडिलांस आपण जें यंत्र आणून देतां, तें सुरू कसें करावयाचें हें तर शिकवाच. परंतु बंद कसें करावयाचें हेंही त्याच बैठकींत शिकवा, पैसे कोणाच्या खात्यांतून जाणार तें मराठींत लिहून त्यांच्या हातीं द्या, आणि वर्षांतून एकदां तरी त्यांच्या शेजारीं बसून एखादा चित्रपट पुरा पाहा.